लडाख सहल : चांगथांगच्या आराखड्यावर सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

अ-१०२ (सहल समन्वयक)
सर्व सभासदांस नमस्कार. लडाख सहलीचा कच्चा आराखडा असा आहे : पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोरे, तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवर, चौथ्या दिवशी हानले गाव, पाचव्या दिवशी उमलिंग ला पाहून पुन्हा हानले, सहाव्या दिवशी त्सो मोरिरी सरोवर आणि सातव्या दिवशी लेहला परत. सर्वांच्या रजा मोजक्याच असल्याने एकही दिवस वाया जाऊ नये, असा प्रयत्न केला आहे. सूचना याच ठिकाणी लिहाव्यात आणि तोवर ‘शुभ सकाळ’चे संदेश कृपया टाळावेत.

ब-४०३
ताई, ठिकाणांची निवड उत्तम आहे. माझी हरकत आहे ती क्रमाला. हा क्रम नकाशावरील अंतरे पाहून लावलेला दिसतो, परंतु चांगथांगसारख्या, म्हणजे पूर्व लडाखच्या उंच पठारासारख्या, प्रदेशात दिवसभरात किती किलोमीटर गेलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला अधिक महत्त्व असते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. नुब्रातील हुंदर आणि डिस्किट ही गावे त्याहूनही खाली, सुमारे ३,१०० मीटरवर आहेत. म्हणजे वाटेत ५,३५९ मीटरचा खारदुंग ला लागत असला, तरी तो पार करून आपण लेहपेक्षा खालच्या गावी झोपणार आहोत, आणि खिंडीत फार वेळ रेंगाळलो नाही तर नुब्राचा मुक्काम विरळ हवेच्या सरावाला मदतच करतो. चूक एवढीच, की तो दुसऱ्याच दिवशी ठेवला आहे. समुद्रसपाटीवरून दोन-तीन तासांत लेहला उतरलेल्या माणसाने पहिले दोन दिवस गावाबाहेर पडूच नये.

खरी उडी आहे ती त्यानंतरची. पँगाँगच्या काठावरील मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास, हानलेही साधारण तितक्याच उंचीवर आणि त्सो मोरिरीकाठचे कोरझोक गाव ४,५०० मीटरच्या वर आहे. आराखड्याप्रमाणे आपण तिसऱ्याच रात्री एकदम बाराशे मीटर चढून झोपणार आणि नंतरच्या तिन्ही रात्री तितक्याच किंवा त्याहून अधिक उंचीवर काढणार. कोणाला उंचीचा त्रास झाला तर खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो. आणि या भागात खाली उतरायचे म्हणजे एकतर पाच-सहा तासांचा रस्ता किंवा मध्ये आणखी एक खिंड. म्हणून उंचावरच्या रात्री कमी कराव्यात आणि त्या सहलीच्या शेवटी ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ-५०२
दादा, आम्ही तरुण मंडळी दर रविवारी गड चढतो, त्यामुळे आमचा दम पक्का आहे. उमलिंग ला ५,७९८ मीटरवर आहे आणि २०२१ मध्ये सर्वांत उंच वाहतूकयोग्य रस्ता म्हणून तेथील रस्त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली होती. एवढ्या जवळ जाऊन तो पाहायचा नाही, हे पटत नाही. शिवाय लेहहून परतणारे सगळेच काही आजारी पडलेले नसतात.

क-३०१ (डॉक्टर)
दमाचा आणि उंचीच्या आजाराचा संबंध लोक समजतात तितका नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश आणि ५,५०० मीटरच्या आसपास जवळजवळ निम्मा भरतो. शरीर यावर पहिला उपाय म्हणून श्वास वाढवते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होते, आणि ही बाब मूत्रपिंडांनी सावरेपर्यंत श्वास हवा तेवढा वाढू शकत नाही. मूत्रपिंडांचे हे काम काही दिवस चालते आणि व्यायामाने ते लवकर उरकत नाही. उलट तंदुरुस्त तरुण पहिल्याच दिवशी पायऱ्या पळत चढतात आणि संध्याकाळी डोके धरून बसतात, असे अनेकदा दिसते.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. लडाखचा भूगोल हा संकेत तंतोतंत पाळू देत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच लेह-नुब्रा टप्प्यात अधिक रात्री हव्यात. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे असून ती असताना आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, तर मात्र मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याचा संशय धरून, सकाळ होण्याची वाट न पाहता, त्या व्यक्तीला खाली न्यायचे. रात्री शेजारी झोपलेल्याचा श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, हे पाहून पुष्कळ जण घाबरतात. परंतु एवढ्या उंचीवर झोपेतील हा प्रकार सामान्य आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात, म्हणून दोन्ही वर्ज्य.

क-२०४
डॉक्टरताई, माझे वय ६८ आहे आणि रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे. मी यावे की नाही? मुलाने प्राणवायूचे छोटे डबे मागवून ठेवले आहेत.

क-३०१ (डॉक्टर)
काका, केवळ वयामुळे हा आजार अधिक होतो असे नाही आणि रक्तदाब आटोक्यात असेल तर लेह व नुब्रा आपणास जमण्यासारखे आहे. मात्र आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना मुक्कामांच्या उंचीसह संपूर्ण आराखडा दाखवूनच निर्णय घ्यावा. फवाऱ्याचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांनी जरा बरे वाटते आणि तेवढ्या भरवशावर माणूस खाली उतरणे लांबवतो, हा त्यांचा तोटा. अॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांच्या त्याच कामाला वेग देते, त्यामुळे तिचा उपयोग आहे. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. परंतु सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी आणि इतर औषधे घेणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत.

अ-१०२ (सहल समन्वयक)
मग विमानाऐवजी मनालीमार्गे रस्त्याने गेल्यास सराव आपोआप होईल का?

ब-४०३
ताई, रस्त्याने जायचेच असेल तर मनालीमार्गे नव्हे, श्रीनगरमार्गे जावे. मनालीच्या वाटेवर बरेच प्रवासी सरचूला, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर, तंबूत रात्र काढतात आणि पुढे टागलांग लासारख्या पाच हजार मीटरवरच्या खिंडी ओलांडून लेहला पोहोचतात. सरावाच्या दृष्टीने हे विमानापेक्षाही वाईट आहे. श्रीनगरहून निघाल्यास कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आत होतो आणि या मार्गावरील सर्वांत उंच खिंड असलेला फोटू ला सुमारे ४,१०० मीटरवरच आहे. वाटेत लामायुरूचा मठ पाहता येतो, हा वरचा लाभ.

उमलिंग लाविषयी सांगायचे, तर एव्हरेस्टचा नेपाळकडील पायथ्याचा तळदेखील त्याच्या खाली येतो. तेथे करायचे काय, तर फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढायचे आणि लगेच उतरायचे. त्यासाठी हानलेचा एक दिवस घालवणे मला पटत नाही, कारण पाहण्यासारखे जे आहे ते हानलेतच आहे. तेथील टेकडीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिची दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्रा’ दुर्बीण बंगळुरूजवळील होसकोटे येथून उपग्रहाद्वारे चालवली जाते. कोरडी हवा, क्वचितच येणारे ढग आणि विरळ वस्ती, म्हणजे ज्या गोष्टी प्रवाशाचे हाल करतात, त्याच दुर्बिणीला हव्या असतात. २०२२ मध्ये हा परिसर अंधारे आकाश राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला असून रात्री गाडीचे प्रखर दिवे लावू नयेत आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, अशी अपेक्षा असते. गावातील प्रशिक्षित तरुण-तरुणी स्वतःच्या दुर्बिणीतून आकाश दाखवतात. त्यामुळे सहलीच्या तारखा अमावास्या पाहून ठरवाव्यात. पौर्णिमेला हानलेला जाण्यात अर्थ नाही.

अ-५०२
ठीक आहे, उमलिंग लाचा आग्रह मी सोडतो. पण पँगाँगला गाडी पाण्याच्या कडेने नेता येईल ना? तसे व्हिडिओ सगळेच टाकतात.

ब-४०३
नाही, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही. या भागात वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, त्यामुळे चाकाखाली दबलेले गवत पुन्हा उगवायला वर्षे लागतात आणि चाकोऱ्या तशाच राहतात. त्या ओल्या कुरणांवर काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात आणि चांगपा पशुपालकांच्या पश्मिना देणाऱ्या शेळ्या आणि मेंढ्या चरतात. त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कर २०२० पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ क्षेत्रे आहेत. कियांग, म्हणजे तेथील रानगाढव, गाडीबरोबर धावते म्हणून त्याच्यामागे गाडी घालणे हा तर निव्वळ छळ आहे. विरळ हवेत धावून तेही दमते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बर्फ वितळून दुपारनंतर ओढ्यांचे पाणी चढते, म्हणून रस्त्यावर पाणी असलेले टप्पे सकाळीच पार करावेत. बाहेरची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. प्रत्येक गाडीत किमान एक पोस्टपेड क्रमांक असावा आणि तोही पुष्कळ ठिकाणी मुका राहील, हे धरून चालावे. इंधनाची टाकी लेह-कारूच्या टप्प्यातच पूर्ण भरावी. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही. पाणी तेथे दुर्मीळ असल्याने कोरड्या शौचालयांबद्दल कोणी नाक मुरडू नये. परवाने आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

अ-१०२ (सहल समन्वयक)
सर्वांच्या सूचनांनुसार सुधारित आराखडा असा : श्रीनगर, कारगिल एक रात्र, लेह दोन रात्री, नुब्रा दोन रात्री, पँगाँग एक, हानले दोन आणि तेथून न्योमा-चुमाथांगमार्गे सिंधूच्या काठाने लेह. उमलिंग ला आणि त्सो मोरिरी वगळले आहेत. रजा तीन दिवसांनी वाढवावी लागेल. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी व क-२०४ च्या काकांनी नुब्रा पाहून लेहहून विमानाने परतावे. त्यासाठी एक गाडी वेगळी ठेवली आहे. अमावास्येच्या आठवड्याच्या दोन तारखा मतदानासाठी टाकत आहे. प्रत्येकाने आपल्या औषधांची यादी डॉक्टरताईंना ग्रुपवर नव्हे, स्वतंत्रपणे पाठवावी.