खाण्याच्या धंद्यात काम करता करता तोंडात टाकणं बंदच करावं का?

आलूबोंडा स्टँड
राजेहो, माह्यं मत आधीच सांगतो मंग भांडा. खाण्याच्या धंद्यात जो माणूस आहे त्यानं कामाच्या टायमात दुकानातला एक दाना तोंडात टाकू नये. थोडंसं चालते, एवढ्यानं काय होते, हे सगळं आपण आपल्याच मनाले सांगतो.

दारव्ह्याकडे एका गावात बस थांब्यावर माह्यं नाश्त्याचं दुकान आहे, बारा वर्षं झाले. पहाटे साडेचारले उठतो, सहाच्या गाडीले पहिला घाणा निघाला पाहिजे. मांगच्या महिन्यात आरोग्य केंद्रात गेलो, तिथं तीस वर्षांवरच्या लोकायची शुगर-बीपी फुकटात तपासतात, तर उपाशीपोटी शुगर 118 निघाली. डॉक्टरीणबाई म्हणे 100 च्या खाली पाहिजे, 126 किंवा त्याच्या वर गेली का मंग शुगरची बिमारीच धरतात, तुम्ही मधात आहे. जेवता किती म्हणून विचारलं तर मी सांगितलं दुपारी दोन पोळ्या अन रात्री एक भाकर. खोटं नव्हतो बोलत, मले खरंच तेवढंच वाटत होतं.

मंग एक दिवस असं केलं का जे तोंडात टाकाले हात गेला ते सगळं एका स्टीलच्या डब्यात टाकलं. आलूबोंडा सोडताना बेसनाचे थेंब पडतात ना तेलात, त्याचा बारीक कुरकुरीत चुरा होते, झाऱ्यानं काढून ताटलीत ठेवला का दर घाण्याले दोन बोटं तिकडेच जातात. समोश्याचा तुटलेला कोपरा, पोह्यावरची शेव, फल्लीदाने, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अर्धा बोंडा. संध्याकाळी काट्यावर ठेवलं, डबा वजा करून 410 ग्रॅम. त्यातलं एकबी भुकेनं नव्हतं. एक मूठ फल्लीदाने म्हणजे 30 ग्रॅम धरा, त्याच्यातच 170 च्या आसपास कॅलरी आहेत, एवढ्यात ज्वारीची एक लहान भाकर होते अन भाकर खाल्ली तर निदान खाल्ल्यासारखं तरी वाटते.

तवापासून पूर्ण बंद. सोळा दिवस झाले. दिवसाले दोनदा का होईना चाललं तर तिसऱ्यांदा हात आपोआप जाते, म्हणून म्हणतो शून्यच पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

शाळेची चूल
भाऊ तुमचं कौतुक आहे पण "एक दाना नको" हे मला नाही पटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. आमच्याकडे मुलांना वाढायच्या आधी चव घेणं हा नियमच आहे, शिक्षकांनी घ्यायची आणि वहीत लिहायची, आणि शिजवणारीनं तर घेतलीच पाहिजे. 2013 मध्ये बिहारमध्ये छपराजवळच्या गावात शाळेतलं जेवण जेवून 23 लेकरं गेली, त्या तेलात कीटकनाशक होतं आणि म्हणतात की शिजवणारीला वास वेगळा आला होता. ते वाचल्यापासून मी फोडणी दिली की आधी वास घेते मग चव घेते.

पण तुम्ही म्हणता ते चरणं मी पण नाही करत, आणि त्याचं कारण शुगर नाही. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाचा तांदूळ 100 ग्रॅम आणि डाळ 20 ग्रॅम, मोजून मिळतो. मी पातेल्यातून चार वेळा मूठ मूठ घेतली तर कोणाच्या तरी ताटातलं गेलं ना. आमच्याकडे एक पोरगी आहे, खिचडीच्या दिवशी ताट बोटानं पुसून खाते. तिला बघितलं की हात जातच नाही.

चव घ्यायची तर वेगळी वाटी, वेगळा चमचा, बाजूला होऊन घ्यायची, उष्टा चमचा परत पातेल्यात नाही. आणि दिवसातून एकदा.

आलूबोंडा स्टँड
ताई हे बरोबर आहे, चवीचं मी मानतो. तर्रीत मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक उद्या येत नाही. पन खरं सांगा, माह्या बोंड्याचा चुरा बारा वर्षांपासून तसाच लागते, त्याची रोज काय चव घ्याची?

मृगबहार
मी वरूडकडचा, संत्र्याच्या तोडीवर आणि ग्रेडिंगवर आमच्याकडे दिवसाला वीस पंचवीस बायामाणसं असतात. फुटलेलं, डागाळलेलं संत्र कोणी सोलून खाल्लं तर आजपर्यंत घरात कोणी टोकलं नाही, माझे आजोबा तर म्हणायचे पहिलं फळ तोडणाऱ्याचं. दिवसाला तीन चार संत्री खाऊन कोणाची शुगर बिघडलेली मी तरी पाहिली नाही, आणि गंमत अशी की नवीन आलेली बाई पहिले दोन दिवस खाते, तिसऱ्या दिवशी नको म्हणते, नाक भरून जाते वासानं. त्यामुळे हात लावायचा नाही हा नियम तळलेल्या मालाचा आहे, सगळ्या खाण्याला लावू नका. अन्नाजवळ काम करून अन्नाला परकं करणं मला बरं वाटत नाही.

आलूबोंडा स्टँड
तुमच्या संत्र्यानं मन भरते भाऊ. माह्या चुऱ्यानं भरत नाही, हाच तर फरक आहे. बारा वर्षांत एक दिवस नको म्हटलं नाही मी.

दोन टाइमच
ह्यात एवढं काय आहे, डॉ. दीक्षितांनी सोपं करून सांगितलंय, दिवसातून दोनदा जेवा, 55 मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. माझं किराणा दुकान आहे, समोर फरसाणच्या बरण्या उघड्या असतात, आठ महिने झाले बोट लावलं नाही आणि पँट दोन नंबर खाली आली. दादा तुमचं शून्य बरोबर आहे, ठाम रहा. आणि चहा पण मोजा, दिवसाला आठ कप झाले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असली तर 80 ग्रॅम साखर तिथंच गेली.

पापड कुरड्या
आठ महिने जमलं तुम्हाला, चांगलं आहे, मला नाही जमलं. उन्हाळ्यात आमच्या गटाचं काम पहाटे चारला सुरू होतं, गव्हाचा चीक शिजवताना हाटून हाटून दंड भरून येतात, दोन टाइम करायला गेले तर अकराला हात थरथरायला लागले आणि संध्याकाळी घरी जाऊन मी पातेलं समोर घेऊन बसले. झोप कमी झाली की भूक जास्त लागते हे सगळ्यांनाच होतं, त्यात तुम्ही रोज साडेचारला उठता. आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय असं उपाशी राहू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते, आमच्या गटातली एक बाई वाळवणावरच बसली होती घाम येऊन.

जुना कारागीर
सगळे मालकच बोलून राह्यले म्हणून मी लिहून राह्यलो. पंधरा वर्षांचा असताना तालुक्याच्या गावी एका मिठाईच्या दुकानात कामाले होतो. सकाळी सहाले भट्टीवर, जेवन तीन वाजता, मधात एक चाय. समोर परातीत बालुशाही, पाकात निथळून राह्यलेली, तूपाचा वास, आणि पोटात काही नाही. एक दिवस तुटलेली बालुशाही तोंडात टाकली तर सगळ्या गिऱ्हाइकायसमोर चोर म्हटलं मले. आज माह्यं वय चाळीस आहे, बालुशाही अजून घशाखाली उतरत नाही. म्हणून हे संयम, कंट्रोल असं कोणी बोललं का मले राग येते. ज्याचं पोट भरलं आहे त्याले संयम सांगा, उपाशी पोट्ट्याले आधी भाकर द्या. स्टँडवाले भाऊ, तुमच्या दुकानात पोट्टे कामाले असतीनच. ते सकाळी काय खातात?

शाळेची चूल
हा प्रश्न मला पण विचारायचा होता.

नियमाचं बोला
मध्येच लिहितो, वजन शुगर बाजूला ठेवा. अन्न सुरक्षा कायद्याखालची 2011 ची जी नियमावली आहे त्यातल्या शेड्यूल 4 मध्ये अन्न हाताळायच्या जागेत खाणं, चघळणं, थुंकणं, बिडी सिगरेट बंद म्हणून स्पष्ट आहे. कामगारांची वर्षातून एकदा तपासणी पण त्यातच आहे. बोट तोंडात आणि तेच बोट बोंड्याच्या पिठात, ह्याच्यावर चर्चा काहून पाहिजे? बाहेर बाकड्यावर बसून खा, हात धुवा, मग या.

आलूबोंडा स्टँड
कारागीर भाऊ, दोन दिवस उत्तर नाही दिलं कारण उत्तर चांगलं नव्हतं. माह्याकडे दोघं जण आहेत, एक एकोणीसचा एक बावीसचा. मी बंद केलं त्या दिवशी त्यायलेबी सांगून टाकलं का आजपासून कोणी हात लावाचा नाही. ते काही बोलले नाही. काल विचारलं तर लहाना म्हणे घरून निघतो तवा माय झोपूनच राहते, इथं बोंडे खाऊनच दुपार काढत होतो. इतके दिवस तो दीडपर्यंत चायवर होता अन मी इकडे माह्या डब्याचं वजन करून राह्यलो होतो.

आजपासून साडेनवाची गाडी गेली का शटर अर्धं ओढतो, तिघंबी मागच्या ओट्यावर बसतो. घरून भाकरी अन चून म्हणजे पिठलं आणलं होतं, संगं कांदा. वीस मिनटं लागले. त्याच्यानंतर दुपारपर्यंत कोणाचाच हात ताटलीकडे गेला नाही, माह्याबी नाही.

जुना कारागीर
जेवणाचे पैसे पगारातून नका कापू, एवढं पाहा.

आलूबोंडा स्टँड
नाही कापत. पन चुऱ्याच्या बाबतीत मी मांगं हटत नाही, झाऱ्यातून निघाला का ताटलीत थांबतच नाही आता, सरळ गिऱ्हाइकाच्या तर्रीपोह्यावर.

मृगबहार
आमच्याकडे तोडीला या कधी, संत्र मात्र खावं लागेल.