बारशाला सांगितलेला अर्थ आणि कोशात सापडलेला अर्थ

मुलाचे नाव जाहीर झाले की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘अर्थ काय?’ आणि कोणीतरी तो तत्परतेने सांगतोही. मात्र तो अर्थ आला कोठून, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. नावांच्या प्रचलित याद्यांमध्ये ‘सूर्याचा पहिला किरण’ आणि ‘ईश्वराची देणगी’ या दोन अर्थांवर इतकी नावे बसवलेली आढळतात की पहिल्या किरणांची रांगच लागावी. म्हणून विनंती अशी की प्रत्येकाने घरातले एखादे नाव घ्यावे, ते कसे ठरले हे सांगावे आणि अर्थाला आधार असेल तर तोही द्यावा. जन्मपत्रिका खरी की खोटी, हा वाद येथे नको. आलेली उत्तरे पुढे ज्याच्या त्याच्या शब्दांत दिली आहेत.

आरव

आमच्या नणंदबाईंनी बारशाच्या पत्रिकेत ‘आरव, म्हणजे शांत’ असे छापून घेतले होते. सासरे संस्कृतचे जुने विद्यार्थी. त्यांनी पत्रिका वाचली, चष्मा काढला आणि कपाटातून अमरकोश आणून माझ्यापुढे उघडला. त्यात ध्वनीच्या पर्यायांमध्ये निनाद, रव, स्वन, निर्घोष यांच्या मांदियाळीत ‘आरव’ बसलेला आहे. ‘रु’ म्हणजे आवाज करणे, या धातूपासून तो शब्द आला असून कोशांत त्याचे अर्थ नाद, आक्रोश, आरडाओरडा असे दिले आहेत. बाळ त्या वेळी पाळण्यात कोशाचा अर्थ सिद्ध करीत होते, त्यामुळे नाव बदलण्याचा प्रश्नच आला नाही. पत्रिकेतली ती ओळ तेवढी सासऱ्यांनी शाईने खोडली, आणि तीही प्रत्येक प्रतीवर.

‘ण’

मुलाचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. जन्मनक्षत्रावरून नावाचे पहिले अक्षर ठरवणाऱ्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ अक्षरे वाटून दिलेली आहेत आणि हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ अशी अक्षरे येतात. आम्हाला ‘ण’ मिळाले. ‘बाणाचा ण’ हे शाळेत पाठ केले तेव्हाच लक्षात यायला हवे होते की या अक्षराने सुरू होणारा शब्द त्या तक्त्यालाही सापडला नव्हता. घरात दोन तट पडले. आईचे म्हणणे होते की अक्षर सोडायचे नाही. वडील म्हणत होते की ज्या अक्षराने भाषेत शब्द नाही, त्या अक्षराने मुलाला हाक कशी मारणार. शेजारच्या जैन आजोबांनी मात्र ‘णमो अरिहंताणं’ म्हणून दाखवले आणि प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘न’चा ‘ण’ होतो हे समजावून सांगितले. त्यामुळे ‘न’ आणि ‘ण’ एकाच घरातले, असा तह झाला. गुरुजींनी नावरस नाव, म्हणजे जन्माक्षरावरून ठेवायचे पत्रिकेतले नाव, नारायण असे लिहून दिले आणि पाळण्यातल्या नावाची निवड आत्याकडे सोपवण्यात आली. तिने कानात ‘कुर्र’ केले, पाठीत धपाटे खाल्ले आणि तरीही नाव सांगितले ते इतक्या हळू आवाजात की पुन्हा विचारावे लागले. ते नाव निनाद. म्हणजे वर आरवच्या आईंनी सांगितलेल्या रांगेतलेच.

ज्यांचे नाव लवकर ठरत नाही त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट सांगतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार बाळाच्या जन्माची नोंद नावाशिवायही करता येते. नाव बारा महिन्यांच्या आत कळवल्यास शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. आम्हाला त्या बारा महिन्यांचा चांगलाच उपयोग झाला.

हृषीकेश

हे माझे स्वतःचे नाव आहे. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. गीतेच्या पहिल्याच अध्यायात कृष्णाला या नावाने संबोधले आहे. त्यात ऋषी नाहीत आणि केसही नाहीत. तरीही शाळेच्या दाखल्यावर मी ‘ऋषिकेश’ आहे, गुणपत्रिकेवर ‘ऋषीकेश’ आहे आणि लग्नपत्रिकेवर ‘ह्रुषिकेश’. ज्यांना मुलासाठी हे नाव सुचत असेल त्यांनी पहिल्या नोंदीच्या वेळीच अक्षरे कागदावर सुटी लिहून द्यावीत.

कियारा आणि मायरा

या माझ्या दोन्ही नाती. दोन्ही नावे संस्कृत आहेत असे मला सांगण्यात आले होते, परंतु संस्कृत कोशांत ती नाहीत. कियारा हे इटालियन रूप असून ते लॅटिन ‘क्लारा’पासून, म्हणजे उजळ, स्वच्छ या अर्थाच्या शब्दापासून आले आहे; मात्र त्याच्याशी जुळणारे एक आयरिश नाव ‘काळी, सावळी’ अशा अर्थाचे आहे. गोरे-काळे दोन्ही एकाच हाकेत आले, हे मला तरी आवडले. मायरा हे नाव फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवले असे मानले जाते.

मिलिंद

माझे वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो, आणि ती दोन्ही नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील आहेत. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरे देणारे भिक्खू नागसेन. हा मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या नावाचे पालीत मिलिंद झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा ही नावे घरोघरी आली आणि त्यांतच माझे नाव ठेवले गेले. शाळेत संस्कृतच्या बाई मात्र ‘मिलिंद म्हणजे भुंगा’ असे सांगत, आणि संस्कृतात तोही अर्थ खराच आहे. वडिलांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे. पण तुझं नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आहे, तेव्हा विचारत जा.” घरातील धाकट्याचे नाव अर्थातच नागसेन आहे, आणि उत्तरे देण्याची सवय त्यालाच अधिक आहे.

नकुशा

मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका होते. मुलगाच हवा असलेल्या घरात पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुशा किंवा नकोशी ठेवीत, म्हणजे पुढची मुलगी होणार नाही, अशी समजूत होती. जुन्या पिढीत धोंडू, दगडू, केरू अशी नावेही सापडतात. परंतु आधीची मुले दगावलेल्या आईने हे मूल तरी कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून ती ठेवलेली असत, आणि त्या नावांमागे मूल जगावे ही इच्छा होती. या दोन प्रकारांना एका माळेत ओवणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. हजेरीपटावर नवे नाव चढवणे सोपे होते. मैदानावर मैत्रिणी जुन्याच नावाने हाक मारीत. आमच्या शाळेतील एक मुलगी त्या हाकेला ओ देणे बंद करून सरळ पाठ फिरवी. काही काळाने मैत्रिणींनीच हार मानली.

समीर

नवऱ्याचे घर मुसलमान आणि माझे हिंदू. संस्कृतात समीर म्हणजे वारा, अरबीत रात्री गप्पांची सोबत करणारा. दोन्ही आज्यांनी नाव आपलेच मानले.

हैबतराव

आमच्या आजोबांचे हे नाव. अरबी ‘हैबत’ म्हणजे दरारा, त्याला मराठी ‘राव’ जोडलेला. दौलतराव, साहेबराव, दर्याबाई या नावांची घडणही अशीच आहे. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या नावातही तोच अरबी दरारा आहे, आणि त्याचे कोणा वारकऱ्याला कधी वावडे वाटलेले नाही. ही सर्व माहिती मी सुनेला सविस्तर सांगितली आणि नातवासाठी हैबत हे नाव सुचवले. तिने ती पूर्ण ऐकून घेतली, मधूनमधून प्रश्नही विचारले, आणि मुलाचे नाव अद्वैत ठेवले.