स्वस्त आयात पिस्तुलं खरंच 'पत्र्याचे डबे' असतात का?

जुनं लोखंड
काल इथे फोरमवर एकाने ठणकावून लिहिलं, "स्वस्त आयात पिस्तूल म्हणजे पत्र्याचा डबा. जीव प्यारा असेल तर हात लावू नका." त्याखाली सगळ्यांनी 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलावल्या. मला ते सहन होईना, म्हणून हा वेगळा धागा.

तुर्कस्तान, फिलिपिन्स, ब्राझील, सर्बिया, सगळे तुम्ही एकाच दावणीला बांधलेत. तुर्की कानिकचं टीपी९ पिस्तूल जर्मन वॉल्थर पी९९ वर बेतलेलं आहे आणि त्याची मॅगझिन्स (गोळ्या भरायच्या पेट्या) इटलीच्या मेक-गारची येतात. ब्राझीलच्या टॉरसचं पीटी९२ ज्या कारखान्यात बनू लागलं, तो इटलीच्या बेरेटा कंपनीने साओ पाउलोत उभारलेला होता. १९८० मध्ये टॉरसने तो यंत्रांसकट विकत घेतला. यात पत्रा कुठे आला?

खरे पत्र्याचे डबे हवेत? जस्ताच्या मिश्रधातूचं रेव्हन एमपी-२५ बघा. ते आयात नव्हतंच, अमेरिकेतच बनायचं. १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या लहान पिस्तुलांना निकष लावले, घरच्या कारखान्यांना ते लागू नव्हते. मग तिथेच असल्या मालाचं पीक आलं. स्वस्त आणि आयात हे दोन वेगळे शब्द आहेत, कृपा करून ते एकत्र कालवू नका.

तेलकट हात
वंशावळ ऐकून बरं वाटलं, पण वंशावळीने गोळी सुटत नाही. आराखडा कुणाचाही असो, शेवटची कानस कोण मारतो आणि पेटीत घालण्यापूर्वी कोण तपासतो, हा प्रश्न आहे. माझ्या आयात '१९११' ची (कोल्टच्या जुन्या लष्करी पिस्तुलाची नक्कल) पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ऐंशीव्या गोळीच्या आसपास उडाली. उडाली म्हणजे अक्षरशः उडाली, रेंजवर गुडघे टेकून शोधली. परत पाठवलं, चार महिन्यांनी आलं, साइट चिकटवलेली आणि पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी रिकामी टरफलं) अडकायचं दुखणं तसंच. मित्राचं त्याच कंपनीचं पिस्तूल मात्र लोण्यासारखं चालतं. ही लॉटरी झाली. पैसे मोजून मी लॉटरी का खेळू?

आणि टॉरसचं नाव घेताच आहात तर खाली पडल्यावर गोळी सुटते या तक्रारीवरून अमेरिकेत त्यांच्यावर झालेला दावाही सांगा. नऊ मॉडेल्सबाबत तडजोड करावी लागली त्यांना.

दुसरा चाप
मग सिगच्या पी३२० चंही सांगा की. ते काही स्वस्त नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याच घराण्यातलं पिस्तूल निवडलं आणि ऑगस्टमध्ये, पडल्यावर गोळी सुटते म्हणून, बाजारातल्या पी३२० साठी कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. महागड्याचं चुकलं की ती 'सुधारणा', स्वस्ताचं चुकलं की तो 'डबा'!

शिस्तीत
नवीन पिस्तूल पहिल्या दोनशे-तीनशे गोळ्यांत अडखळणारच. त्याला बसू द्यावं लागतं. लोक पन्नास गोळ्यांत निकाल लावून मोकळे होतात.

तेलकट हात
हेच वाक्य ऐकून कान किटलेत! बसू द्या म्हणजे काय? कारखान्याने अर्धवट सोडलेलं काम मी माझ्या काडतुसांनी पूर्ण करायचं? मार्च १९११ च्या चाचणीत कोल्टच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या होत्या. तापलं की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. एकदाही अडलं नाही. शंभर वर्षांपूर्वी जमत होतं ते आज का जमत नाही?

शिस्तीत
तेव्हा लष्करी पिस्तुलं जरा सैल बसवायचे. आज गिऱ्हाइकाला घट्ट स्लाइड (झाडताना मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) हवी आणि नेमही काटेकोर हवा. घट्ट धातू एकमेकांवर घासून जागा करणारच. एवढं साधं आहे.

तेलकट हात
घट्ट? माझी स्लाइड हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते. सैल आहे आणि वर अडकतेही. तुमचा नियम तिला कुठून लावायचा?

दुसरा चाप
तुम्ही दोघं आता 'बसू देणे' यावर प्रबंध लिहा. मूळ मुद्दा राहिला बाजूला.

शिस्तीत
मी तीस वर्षं पिस्तुलं उघडतोय. मला कुणी प्रबंध शिकवायची गरज नाही.

जुनं लोखंड
जरा थांबा. तेलकट हात, तुमच्या पुंगळ्या स्लाइडच्या फटीत उभ्या अडकतात का? माझ्याही आयात १९११ मध्ये हेच व्हायचं. पहिल्या शंभरात सहा-सात वेळा. मीही कंपनीला शिव्या घातल्या. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी नळीतून ओढून काढणारा आकडा, काढून पाहिला. १९११ मध्ये तो स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब पट्टी असतो, किंचित वाकवलेला. तो वाकच पुंगळीची कड धरून ठेवतो. माझा जवळजवळ सरळ होता.

तपासायचं असं. मॅगझिन बाहेर, नळी रिकामी, दोनदा खात्री. स्लाइड उतरवा, नळी काढा. एक रिकामी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. पुंगळी टिकली पाहिजे. माझी लगेच पडली. पट्टीला थोडा वाक दिला, त्यानंतर हजारभर गोळ्यांत एकदाही अडलं नाही.

तेलकट हात
म्हणजे ते काम शेवटी तुम्हीच केलंत, कारखान्याने नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

जुनं लोखंड
हो, तेवढं मान्य. ते कारखान्यातच व्हायला हवं होतं. पण त्यामुळे पोलाद पत्रा ठरत नाही. नळी आणि फ्रेम चांगली असेल तर बाकीचं दुरुस्त होतं. जस्ताची फ्रेम चिरली तर काय वाकवणार?

शिस्तीत
एक मात्र मीही कबूल करतो. सुट्या भागांची बोंब आहे. १९११ किंवा चेक सीझेड ७५ च्या नकलांना निदान इतरांचे भाग थोडं घासून बसतात. स्वतःचाच आराखडा असलेलं स्वस्त पिस्तूल असेल तर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) तुटल्यावर ते कपाटातच पडून राहतं.

तेलकट हात
आत्ताच स्लाइड उतरवून पाहिली. पुंगळी सरकवली आणि हात हलवायच्या आतच खाली पडली. उद्या वाक देऊन बघतो, चाललं तर इथे येऊन सांगेन. साइटचं मात्र मी सोडणार नाही. ती कुठल्याही पट्टीमुळे उडाली नव्हती.