विषय: पेतॅयॅवेसीचे जुने लाकडी चर्च – उन्हाळी सहलीच्या निमित्ताने

प्रति: सर्व सभासद

स. न. वि. वि.

उन्हाळी सहलीचे पत्रक मिळाले, त्याबद्दल समितीचे आभार. युवॅस्क्युलॅच्या पश्चिमेला असलेल्या पेतॅयॅवेसीच्या जुन्या चर्चसाठी पत्रकात अर्धा दिवस राखून ठेवला आहे आणि त्याचे वर्णन ‘शेतकऱ्यांनी बांधलेले साधे चर्च’ असे केले आहे. फिनलंडमध्ये लाकडी चर्चना तोटा नाही. केरिमॅकीचे १८४७ चे चर्च तर याहून कितीतरी भव्य आहे. मग १९९४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नेमके हेच का निवडले असावे? यापूर्वी तेथे जाऊन आलेल्या कोणी सविस्तर लिहिले, तर मुलांनाही आधी सांगून ठेवता येईल.

आपली,
एस्पो येथील एक सभासद

---

प्रति: सर्व सभासद

ताई, नमस्कार.

पत्रकातला ‘साधे’ हा शब्द मलाही खटकला. हे चर्च १७६३ ते १७६५ या काळात उभे राहिले. त्या वेळी फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि पेतॅयॅवेसी ही दूरच्या यॅम्सॅ गावच्या मंडळीला (म्हणजे एका चर्चच्या भाविक समुदायाला) जोडलेली एक छोटी उपमंडळी होती. चर्चचा मुख्य कारागीर होता याक्को लेप्पॅनेन. तो वास्तुशास्त्र शिकलेला नव्हता. लाकूडकाम हाच त्याचा व्यवसाय होता. राजधानीतल्या कार्यालयाकडून चर्चचे नकाशे संमत करून घेण्याची सक्ती करणारा राजा तिसरा गुस्ताव याचा हुकूम निघाला तो १७७६ मध्ये, म्हणजे हे काम पुरे झाल्यानंतर अकरा वर्षांनी. त्यामुळे या इमारतीत जे दिसते ते स्टॉकहोमच्या कागदावरून उतरलेले नाही, तर कारागिराच्या हातातून आलेले आहे.

तरीही स्टॉकहोमचा संबंध अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. तेथे १६५६ मध्ये बांधायला घेतलेल्या कातारिना चर्चचा आराखडा मध्यवर्ती होता, म्हणजे चार भुजा जेथे एकत्र येतात तो चौक हाच वास्तूचा गाभा. इटालियन प्रबोधनकाळातून आलेली ही कल्पना पुढे फिनलंडच्या खेड्यांपर्यंत झिरपली आणि तेथील सुतारांनी ती दगडविटांऐवजी ओंडक्यांत उतरवली. त्याला व्यावहारिक कारणही होते. ओंडक्यांची भिंत झाडाच्या लांबीपेक्षा फार लांब नेता येत नाही, आणि नेलीच तर ती मधोमध फुगते. क्रुसाच्या आकारात मात्र भिंत ठरावीक अंतरावर काटकोनात वळते आणि प्रत्येक कोपरा शेजारच्या भिंतीला आधार देतो. तिथल्या ल्यूथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या उपासनेलाही हा आकार सोयीचा होता, कारण तिथे प्रवचनाला मोठे महत्त्व आहे आणि चौकाच्या कोपऱ्याशी उभ्या असलेल्या पाळकाचा आवाज चारही भुजांत बसलेल्या लोकांना ऐकू येतो.

आत गेल्यावर आधी वर पाहावे, असे मी आवर्जून सांगेन. चौकावर अष्टकोनी लाकडी घुमट आहे आणि भुजांवर कमानदार छत आहे. मध्ययुगीन युरोपातील गॉथिक शैलीच्या दगडी चर्चमधील छताची आठवण येथे फळ्यांतून जागवली आहे. प्रबोधनकालीन आराखडा आणि त्याहून जुनी गॉथिक छताची रीत यांचा हा मेळ युनेस्कोच्या निवडीमागे आहे; शिवाय पूर्व स्कँडिनेव्हियातील ओंडक्यांच्या चर्चपरंपरेचे हे प्रातिनिधिक उदाहरण मानले जाते. आकाराच्या भव्यतेवर निवड झाली असती, तर आपण म्हणता तसा केरिमॅकीचा विचार आधी झाला असता. भिंतींचे लाकूड रंगवलेले नाही. अडीचशे वर्षांत ते मधासारखे तपकिरी झाले आहे. प्रवचनपीठावरील देवदूत काहीसे ओबडधोबड आहेत, पण मला ते कोणत्याही घोटीव शिल्पापेक्षा अधिक आवडतात. ते पीठ खांद्यावर पेलणारा संत ख्रिस्तोफर मुलांनी अवश्य शोधावा.

पश्चिमेच्या भुजेला लागून असलेले घंटाघर १८२१ चे आहे. तोवर फिनलंड रशियाच्या झारकडे गेले होते, परंतु काम त्याच घराण्यात राहिले: ते याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने बांधले. चर्चची जागाही पाहण्यासारखी आहे. दोन तलावांचे पाणी जेथे मिळते तेथे ते उभे आहे, कारण उन्हाळ्यात लोक वल्ह्यांच्या लांब होड्यांतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून उपासनेला येत. आजच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला ही जागा आडबाजूची वाटते. तेव्हा मात्र पाणी हाच रस्ता होता.

शेवटी एक मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. १८७९ मध्ये सामुद्रधुनीसारख्या अरुंद पाण्याच्या पलीकडच्या काठावर नवे चर्च झाले आणि जुन्यातील नित्याची उपासना थांबली. दफनभूमी आणि घंटाघर यांचा वापर चालू राहिल्यामुळे वास्तू पाडली गेली नाही. पण तिच्यात कोणी शेगडी बसवली नाही, भिंतींना फळ्यांचे अस्तर लावले नाही, रंगही दिला नाही. एकोणिसाव्या शतकात इतर अनेक जुन्या चर्चना ‘सुधारणे’च्या नावाखाली हे सारे सोसावे लागले. हे चर्च टिकले ते या दुर्लक्षामुळे.

आपला,
तांपेरे येथील एक आजीव सभासद

---

प्रति: सर्व सभासद

काका, नमस्कार.

आपण इतके तपशीलवार लिहिलेत, त्यासाठी मनापासून आभार. मात्र शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. लाकडी छप्पर दुर्लक्षाने टिकत नाही, ते गळते आणि कुजते. १८७९ नंतर कोणी लक्षच दिले नसते तर आज तेथे दफनभूमी तेवढी उरली असती. मग श्रेय दुरुस्ती करणाऱ्यांना द्यायला नको का?

आपली,
एस्पो येथील सभासद

---

प्रति: सर्व सभासद

ताई, आपला आक्षेप रास्त आहे. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ श्त्झिगोव्स्की यांनी या चर्चचे मोल ओळखले आणि त्यानंतर त्याच्या दुरुस्तीला चालना मिळाली. छप्पर दुरुस्त झाले नसते तर चर्च उरले नसते, यात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच की दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती मूळ वास्तू जवळजवळ अखंड आली, कारण मधल्या पन्नासएक वर्षांत तिला ‘आधुनिक’ करण्याची गरज कोणाला वाटली नाही. छप्पर सांभाळणे आणि आतला भाग बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे पहिली उशिरा का होईना झाली आणि दुसरी टळली.

आजचा खरा धोका पाण्यापेक्षा आगीचा आहे. युलिव्हिएस्काचे अठराव्या शतकातील लाकडी चर्च २०१६ च्या ईस्टरच्या सुमारास जाळपोळीत नष्ट झाले आणि १७७० च्या सुमारास बांधलेले कीह्तेलुसवाराचे चर्च २०१८ मध्ये त्याच कारणाने गेले. पेतॅयॅवेसीच्या चर्चमध्ये आजही ऊब देणारी यंत्रणा नाही, म्हणून तेथे उपासना आणि विवाह प्रामुख्याने उन्हाळ्यातच होतात.

कार्यवाहांना विनंती की, पत्रकातील ‘साधे’ हा शब्द काढून याक्को आणि एर्क्की या आजोबा-नातवाची नावे घालावीत. जुलैमध्येही आत गारवा असतो, तेव्हा लहान मुलांसाठी एकेक स्वेटर आणि वर छताकडे पाहण्यासाठी कोणाकडे असल्यास दुर्बीण सोबत घ्यावी.

आपला,
तांपेरे येथील सभासद