नागपूर–मुंबई विमान: पहाटे निघून ११ची मुलाखत गाठता येईल का?

धरमपेठकर:
आईची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, सकाळी ११ला. तिचे गुडघे दुखतात, म्हणून रात्रभर गाडीत बसवायचं जिवावर येतं. त्याच दिवशी पहाटेचं विमान धरलं तर जमेल का? अंतर कुठे ६८० किलोमीटर दिसतं, कुठे ८००च्या वर. वेळही कुठे सव्वा तास, कुठे पावणेदोन. काय धरायचं?

वर्धा_रोड:
दोन्ही आकडे बरोबर आहेत. ६८० हे सोनेगाव, म्हणजे आपलं नागपूर विमानतळ, ते मुंबई सरळ हवाई अंतर. ८००च्या वरचं रेल्वेचं. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं, पण तिकिटावरची वेळ म्हणजे इथून विमान हललं ते तिथे जागेवर जाऊन थांबलं, इतकी सगळी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि उतरायला रांग लागते. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून जाताना जरा जास्त वेळ लागतो, येताना कमी. तुम्ही पावणेदोन तासच धरा.

ऑरेंज_लाइन:
भाऊ, मुलाखतीच्याच दिवशी नका जाऊ. घरून निघून दोन तास आधी सोनेगाव, मग विमान, उतरल्यावर काकूंच्या चालीने बाहेर यायचं, पुढे बीकेसी. पाच तास सहज जातात. सहाचं विमान मिळालं तर कागदावर जुळतं, पण त्याला तासभर उशीर झाला की काकूंचा जीव टांगणीला. आणि ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल, कोण सांगणार? आदल्या दिवशी दुपारी जा, कलिना किंवा बीकेसीजवळ मुक्काम करा. मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलपासून बीकेसीला थेट मेट्रो ३ आहे, पण गुडघ्यांचा त्रास असेल तर टॅक्सीच बरी.

सीताबर्डी_७८:
दुरांतोचा विचार करायला हरकत नाही. रात्री खालच्या बर्थवर झोपून सकाळी सीएसएमटी. पण तीही सकाळीच पोहोचते, म्हणजे उशिराची धास्ती तीच. मुक्कामाचं पटतं.

तारीख अजून बदलता येत असेल तर हैदराबादचा अमेरिकी वाणिज्य दूतावासही पाहा. नागपूरहून हवाई अंतर जेमतेम ४३० किलोमीटर, आणि सिकंदराबादची वंदे भारत दिवसाउजेडी नेते.

धरमपेठकर:
तारीख बदलायची नाही, मिळायलाच फार वाट पाहिली. आदल्या दिवशीचं दुपारचं विमान काढतो. आईसाठी व्हीलचेअर विमानतळावर गेल्यावर मागायची का?

वर्धा_रोड:
नाही, तिकीट काढतानाच नोंदवा. विमानापासून टॅक्सीपर्यंत माणूस सोबत येतो. जागा पुढच्या रांगेतली, आतल्या वाटेकडची घ्या, काकूंना पाय मोकळा ठेवता येईल.