अनुभव धागा : कादंबरीचा प्रकार बदलला की वाचायची रीत कशी बदलते?

दापोली
कोकणात पावसाचे चार महिने म्हणजे जाड कादंबऱ्यांचे दिवस. कोणता प्रकार कसा वाचता, कुठे अडतं आणि का, ते इथे लिहा. नुसतं ‘आवडली’वर थांबू नका. घराण्याच्या कादंबरीपासून मी सुरुवात करते.

‘तुंबाडचे खोत’सारखी दोन खंडांची, चार पिढ्यांची कादंबरी अर्ध्यावर सुटते ती बहुधा नात्यांच्या गुंत्यामुळे. अशा कादंबऱ्यांत आजोबांचं नाव नातवाला असतं. सुनेचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, शिवाय ती कोणाची काकू, कोणाची वहिनी. वंशवृक्षासाठी कागद आडवा घ्यावा, एका पिढीला एक ओळ द्यावी. प्रत्येक बाईसाठी तीन जागा सोडाव्यात : माहेरचं नाव, सासरचं नाव, हाकेचं नाव. माणूस पहिल्यांदा आला ते पानही टिपावं. छापील वंशवृक्ष असला तरी आधी पाहू नये, कोणाचं लग्न कोणाशी झालं आणि कोणाचा वंश खुंटला हे तिथेच फुटतं.

दुसरी अडचण खोतीची. खोत गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा. 1949च्या कायद्याने खोती गेली. कथानक त्या सालाच्या अलीकडचं की पलीकडचं, हे आधी ठरवून घेतलं की खोतांचा ताठा आणि वाड्याची पडझड दोन्ही नीट कळतात.

रत्नागिरी
ताई, ऐतिहासिक कादंबरीत वंशवृक्षापेक्षा पंचांग कामाला येतं. आरमाराचा प्रसंग आला की मी आधी महिना बघतो. शिडाची गलबतं पावसाळ्यात शाकारून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटत. आषाढात गुराबा (लढाऊ गलबतं) मोहिमेवर निघाल्या, तर लेखकाला दर्या ठाऊक नाही एवढं नक्की. विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला तो फेब्रुवारी 1756मध्ये, म्हणजे ऐन हंगामात.

भरतीचा हिशोब तिथीच्या पाऊणपटीने करावा. पक्षातली तिथी गुणिले पाऊण, की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण पौर्णिमेच्या मध्यरात्री उघड्या वाळूवरून कोणी चालत जलदुर्गात शिरत असेल, तर तो प्रसंग टिकत नाही. पाणी नुकतं भरून उतरायला लागलेलं असतं.

मुद्दाम केलेला बदल मात्र वेगळा मोजावा. दोन भेटींची एक भेट केली किंवा एखादा मृत्यू अलीकडे ओढला, तर त्याने पुढच्या प्रसंगाला काय मिळालं ते पाहावं. काही मिळालं असेल तर तो लेखकाचा हक्क आहे, असं मी मानतो.

अलिबाग
रत्नागिरीकर, ही पाऊणपट रहस्यकादंबरीतही चालते. प्रेत किनाऱ्याला लागलं ती वेळ ताडून बघा, अर्ध्या संशयितांच्या साक्षी तिथेच तपासून होतात.

रहस्यकादंबरी दोन बैठकींत संपवावी. मध्ये आठवडा गेला की किरकोळ वाटलेले तपशील पुसले जातात, आणि धागा नेमका त्यांच्यात असतो. कागदाचे दोन रकाने करावेत : एकात तपास करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात इतरांनी सांगितलेलं. खोटं दुसऱ्या रकान्यात सापडतं. दोन तृतीयांश पानं झाली की पुस्तक मिटून गुन्हेगाराचं नाव आणि तीन पुरावे लिहावेत. पुढे नाव चुकलं तरी चालेल. पण उलगड्यातला पुरावा मागच्या पानांत कुठेच नसेल, तर लेखकाने वाचकाला फसवलं. अर्ध्या पुस्तकानंतर अवतरलेला खुनी मला अजिबात मान्य नाही.

वेंगुर्ले
भयकादंबरीला तीन प्रश्न : ते कोणाला दिसतं, कुठवर येऊ शकतं, कशाने थांबतं? पहिल्या एक तृतीयांश पानांत उत्तरं मिळायला हवीत आणि शेवटपर्यंत तीच राहायला हवीत. शेवटी मंत्राने काहीही थांबायला लागलं की भीती जाते. आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक खटकतं. राखणदार, देवचार ही गाव राखणारी न दिसणारी दैवतं गावाची माणसं असल्यासारखी असतात. त्यांना गाऱ्हाणं घालतात, मान देतात. त्यांना सरसकट हडळीच्या रांगेत बसवणारी कादंबरी इथे कोणाला घाबरवत नाही.

मालवण
बोलीतली कादंबरी मोठ्याने वाचा. डोळ्यांना अडणारं वाक्य कानाला कळतं. पहिल्या 20-25 पानांत फक्त क्रियापदं आणि प्रश्नाचे शब्द धरा : इलो (आला), आसा (आहे), खंय (कुठे), कित्याक (कशाला). बाकी संदर्भाने उलगडतं. दर शब्दाला तळटीप बघितली तर संवादाचा ठेका मोडतो. आणि भटजी, खारवी, पोस्टमास्तर एकाच तऱ्हेने बोलत असतील, तर लेखकाने बोली नुसती वरून शिंपडली आहे.

देवगड
जुन्या रहस्यमाला आणि पॉकेट बुकं दमट हवेत सगळ्यांत आधी जातात, कारण त्यांचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त. तो पिवळा पडून घडीवर तुटतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, बाहेरच्या भिंतीला तर नकोच. पुस्तकं दाबून भरू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत अडकलेला ओलावा बुरशी वाढवतो. कडुलिंबाचा पाला कडकडीत वाळलेलाच घाला, ओलसर पाल्याने उलटी बुरशी धरते. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो. पुस्तक वेगळं काढून सावलीत वाऱ्यावर सुकवावं, मग नाकाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झाडावं. कडक उन्हात ठेवलं तर बांधणीचा गोंद तडकतो.

चिपळूण
दापोलीच्या ताईंचे तीन रकाने रशियन कादंबऱ्यांच्या अनुवादालाही जसेच्या तसे लागू पडतात : पाळण्यातलं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, लाडाचं नाव. आडनावासाठी चौथा रकाना वाढवा.