आई दोन वर्षांपासून चर्चला जात नाही, काय करावं? मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं आहे आमचं, ख्रिस्ती घरं मोजकीच. दोन वर्षांआधी बोंडअळीनं कपाशी गेली, चर्चमधल्या कापणीच्या सणाला आईनं अर्पण म्हणून फक्त एक टोपलं तूर नेली, अन् त्याच दिवशी कमिटीच्या एका माणसानं भर उपासनेत वर्गणी थकलेल्यांची यादी वाचली. पहिलं नाव आईचं. आईनं पदर सावरला, गाणं संपेपर्यंत उभी राहिली, मग जे आली ते गेलीच नाही.

देवावरचा विश्वास गेला नाही हे आधीच सांगतो, रोज संध्याकाळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणते. पाळकसाहेबांशी बोललो, ते म्हणे "झालं गेलं विसरा", मग त्यांची बदली झाली. नवीन पाळक चांगले वाटतात पण त्यांना हे माहीतच नाही. थकबाकी मी भरून टाकली तर आई माझ्यावरच चिडली. मंडळीतले लोक येऊन बायबलातलं इब्री 10:25 (एकत्र जमणं सोडू नका) ऐकवतात, 2 करिंथ 9:7 (मनात ठरवलं तसं द्या, जबरदस्तीनं नको) मात्र कोणाले आठवत नाही! दुसरं चर्च 40 किलोमीटर, एसटी एकच, अन् आईचे गुडघे दुखतात. मोबाईलवरची उपासना नको म्हणते.

तिला जबरदस्ती करायची नाहीये. पण बाबांची कबर याच चर्चच्या कब्रस्तानात आहे अन् तिलाही तिथंच जागा पाहिजे, ही धास्ती खरी आहे.

ज्यांच्या घरी असं झालं त्यांनी सांगा, नवीन पाळकांना घरी बोलवून सगळं सांगावं का आधी कमिटीकडून माफी मागून घ्यावी? अन् उपासनेला न येणाऱ्या सभासदाची कब्रस्तानातली जागा नाकारता येते का?